हल्ली मुक्काम

गोविंदतात्यांनी मला कधी नावानं हाक मारलेली नाही. मी या गावात सून म्हणून आले त्याला नऊ वर्षं झाली, आणि आमच्या घरात नि त्यांच्या घरात एक बोळ सोडला तर दुसरं काही नाही. तरी त्यांच्या लेखी मी 'लिंबागणेश'. का, तर माझं माहेर तिथलं. "ये लिंबागणेश, चहा टाकलाय," असं ते ओट्यावरून ओरडतात आणि रस्त्यानं जाणारा नवखा माणूस थांबून इकडंतिकडं गणपतीचं देऊळ शोधतो.

आणि हे एकट्या माझ्याच वाट्याला नाही. माझा नवरा संतोष म्हणजे 'शेवटून दुसरं घर'. चहाचं हॉटेल चालवणारा बाबू म्हणजे 'स्टँडसमोर'. सरपंचांना ते तोंडावर 'टाकीखाली' म्हणायचे. मग सरपंचांनी डांबरी रस्त्याला बंगला बांधला आणि ते तिकडं राहायला गेले, तेव्हा तात्यांनी सहा महिने त्यांना कसलीच हाक मारली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून ठरायलंय. तिथं टिकतोय का बगू, मग नाव देऊ."

तात्या अडतीस वर्षं आमच्या गावचे पोस्टमास्तर होते. पोस्ट म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. घाटनांदूरहून टपालाची थैली सायकलवर घेऊन यायचे इस्माईलभाई शेख, तेही आमच्याच गावचे. थैली इस्माईलभाईंनी आणायची, तात्यांनी फोडायची आणि दोघांनी मिळून गावात नि चार वस्त्यांवर वाटायची. त्या खोलीत आता कांद्याची पोती असतात, पण 'टपाल चार वाजता निघेल' ही पाटी खिडकीवर तशीच आहे. चारच्या सुमाराला तात्या अजून एकदा खिडकीपाशी जाऊन उभे राहतात आणि परत येतात.

मी हे गमतीनं सांगतेय खरं, पण सांगताना मला शरम वाटतेय. ती कशाची ते येईलच पुढं. आधी माणूस नीट कळू दे.

"पत्ता पुरा सांग," हे तात्यांचं पालुपद. पाहुणा दारात आला की 'बसा'च्या आधी हे. लग्नपत्रिका आली की मुहूर्त नंतर, आधी पत्ता. आमच्याकडं कुणीही उठतो नि वस्तीच्या नावाआधी 'मु.पो.' छापतो. मुक्काम पोस्ट. तात्यांना ते सहन होत नाही. "वस्तीवर मुक्काम हाय, ठीक. पोस्ट कुठाय? पोस्ट हितं हाय, माज्या घरात." मग लाल शाईनं 'पो.' खोडायचं, खाली बरोबर पत्ता लिहायचा आणि पत्रिका यजमानाला परत धाडायची. लग्नाला मात्र ते हटकून जायचे. अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि निघताना नवऱ्यामुलाच्या बापाला विचारायचं, "दुसऱ्या पोराच्या टायमाला तरी नीट छापताल का?"

त्यांच्याकडं एक जाड वही आहे. तिच्यावर 'ह.मु.' एवढंच लिहिलंय. हल्ली मुक्काम. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, कोणी सांगलीकडं, कोणी कोल्हापूरकडं, कोणी पार कर्नाटकात, आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. तेवढे महिने घराला कुलूप. टपाल यायचं ते येतंच. तात्या निघायच्या आधी प्रत्येक टोळीच्या मुकादमाला गाठून लिहून घ्यायचे: कोणता कारखाना, कोणता फड, राहायला पाचटाची कोपी कुठं टाकणार, जवळ विहीर आहे का देऊळ आहे. मग आलेल्या प्रत्येक पाकिटावर 'ह.मु.' घालून पुढचा पत्ता. एका पोरीचं पोलीस भरतीचं बोलावणं असंच तिच्या हातात फडावर पडलं, ती बांधावर भाकरी खात असताना. ती आता फौजदार आहे आणि तात्या तिला अजून 'कॅनॉलजवळची कोपी' म्हणतात.

"पत्त्याला महिना असतो," तात्या म्हणायचे. "माणूस बारा महिने एका जागी ऱ्हातो हे लिहिलं कुणी?"

अडतीस वर्षांत आपल्या हातून एक कागद वाकडा गेला नाही, हा त्यांचा अभिमान. पण वरिष्ठांकडून त्यांना एक मेमो आला होता आणि तो त्यांनी चौकटीत घालून भिंतीला लावलाय. थैली ओढ्यात भिजली म्हणून आलेला मेमो. कशी भिजली विचारलं तर म्हणायचे, "ध्यान नव्हतं माजं," आणि विषय बदलायचे.

आता माझं काम सांगते. कंपनी पुण्याची, मी घरून काम करते. देशोदेशीच्या कुरिअरवाल्यांना आम्ही एक फॉर्म बनवून देतो. पाठवणाऱ्यानं त्यात पत्ता भरायचा आणि तो पत्ता कॉम्प्युटरला समजेल असा तुकड्या-तुकड्यांत साठवायचा. घर नंबर एका रकान्यात, रस्ता दुसऱ्यात, मग शहर, राज्य, पिन, देश. ज्या रकान्यापुढं लाल चांदणी असते तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही. कोणत्या रकान्याला चांदणी लावायची, हे ठरवणं माझ्याकडं होतं. म्हणजे जगातला कोणता पत्ता पुरा आणि कोणता अपुरा, हे आमच्या गावातल्या शेवटून दुसऱ्या घरात बसून मी ठरवत होते.

आमच्या घरात रेंज येत नाही, तात्यांच्या ओट्यावर येते. म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिथं बसायची. पहिल्या दिवशी मी हौसेनं म्हणाले, तात्या, तुमचा पत्ता भरून बघू. घर नंबर आला. "घराला नंबर कावून? मी काय कैदी हाय का?" रस्ता आला. "बोळ लिव्ह." शहर आलं. तात्यांनी गावाचं नाव सांगितलं. फॉर्म लाल झाला नि म्हणाला, हा पत्ता वैध नाही.

"अडतीस वर्षं हितं बसलोय," ते म्हणाले, "आन हे डबडं म्हणतंय मी न्हाईच."

त्या दिवसापासून मात्र त्यांना या कामाचं लई वेड लागलं. रोज विचारायचे, आज कुठला देश? मी सांगायची. जपानात पत्ता मोठ्याकडून लहानाकडं लिहितात म्हटलं, आधी प्रांत, मग शहर, मग पेठ, आणि माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आगं, ही तर आपली रीत हाय. पूजेचा संकल्प ऐकला न्हाईस का? जंबुद्वीपे, भरतवर्षे, भरतखंडे, दंडकारण्ये, गोदावर्या दक्षिणे तीरे. मोठ्यावरनं बारक्यावर येतंय बग. आन शेवटी यजमानाचं नाव. पिन सांगतोय का भटजी? न्हाई. तरी पोचतंय."

कोस्टारिका नावाच्या देशात 'जुन्या अंजिराच्या झाडापासून दोनशे मीटर दक्षिणेला' असा पत्ता चालतो आणि ते झाड कधीच पडलंय, हे ऐकल्यावर तर त्यांना कोण आनंद झाला. आमच्याकडं 'बाभळीजवळ' राहणाऱ्या तीन घरांची बाभूळ मी गावात येण्याआधीच तोडलेली. "झाड गेलं तरी खूण जात न्हाई," म्हणाले. "तुज्या डबड्यात खुणंला जागा ठेव. आन ह.मु.ला ठेव."

आणि एक दिवस त्यांनी बजावलं, "लिंबागणेश, सगळ्या मुलखात पिन नसतो. शारजाला न्हाई. मी तिकडं पत्रं धाडतो, मला ठाऊक हाय. ती पिनम्होरची लाल चांदणी काढ."

मी कामाच्या यादीत टिपून ठेवलं. पुढं लिहिलं, 'नंतर'. आठवड्यानं त्यांनी विचारलं, काढली का? मी स्क्रीनवरची नजर न उचलता म्हणाले, "काढली तात्या." काढली नव्हती. दुसरी कामं होती, आणि म्हातारा कशाला तपासायला जातोय, असं तेव्हा माझ्या मनात आलं. असंच्या असं आलं. आता लपवून काय करू?

आणखी एक सांगून टाकते, म्हणजे एकदाचं होईल. खुणेचा रकाना आणि महिन्याप्रमाणं बदलणारा पत्ता, या दोन कल्पना मी कंपनीत मांडल्या तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. परदेशातल्या साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणाले, ग्रामीण भागाचा अभ्यास केला. समोर ओट्यावर तो ग्रामीण भाग धोतर खोचून माझ्यासाठी शेंगा सोलत बसला होता.

शारजाला तात्यांचं कोण? तर तेच इस्माईलभाई. त्यांच्या बायकोच्या मागं मुलानं, रफिकनं, त्यांना तिकडं नेलं. इस्माईलभाई कानानं ठार बहिरे झालेत, त्यामुळं फोनचा उपयोग नाही. एकदा रफिकनं व्हिडिओ लावून दिला होता, तर दोघं म्हातारे नुसते एकमेकांच्या कपाळाकडं बघत बसले आणि थोड्या वेळानं दोघांनीही डोळे पुसले. त्यापेक्षा पत्र बरं, असं ठरलं. साऱ्या गावाला टपाल वाटलेल्या या माणसाला स्वतःला टपाल येतं ते एवढं एकच. तात्यांच्या घरात दुसरं कुणी नाही. काकू जाऊन सात वर्षं झाली.

इस्माईलभाईंचा पत्ता तात्या कसा लिहितात माहीत आहे? 'श्री. इस्माईल शेख, रा. इथलेच, ह.मु. शारजा.' मग खाली इंग्रजीत टपालपेटीचा नंबर, इमारत, खूण. मी म्हणायची, तात्या, ते तिकडं कायमचे गेलेत, आता 'रा. शारजा' लिहा. ते म्हणायचे, "मुक्काम तितं हाय. ऱ्हातो हितंच."

गेल्या थंडीत रफिकचं पत्र आलं. अब्बांना काचबिंदू झालाय, नजर दिवसेंदिवस कमी होतेय, डॉक्टर म्हणतात औषधानं फार तर थोडी लांबेल. काही लिहायचं असेल तर लवकर लिहा, अजून मोठं अक्षर वाचतात.

तात्यांनी चार दिवस खोलीचं दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी मला बोलावून दाखवलं. आठ पानं, बोटभर उंचीची अक्षरं. मला वाटलं होतं, दुःखाचं काहीतरी असेल. तर पत्रात गाव होतं. दोघं टपाल वाटायला ज्या क्रमानं निघायचे त्या क्रमानं एकेक घर. स्टँडसमोर आता कोण आहे, टाकीखाली कोण राहायला आलं, बाभळीजवळच्या तीन घरांत किती माणसं उरली, मारुतीच्या पारावर सध्या कोण बसतं, पाराच्या पुढच्या गल्लीत कोणाच्या दारात कोणतं झाड लावलंय. शेवटचं घर इस्माईलभाईंचं स्वतःचं, बंद असलेलं. तिथं लिहिलं होतं, 'कडी मी आठवड्याला हलवून बघतो.'

"डोळे जायच्या आत एकदा टपालाचं बीट फिरून यील तो," तात्या म्हणाले.

पत्राबरोबर येसरच्या मसाल्याची पुडी होती. इस्माईलभाईंना येसरची आमटी जीव की प्राण. तात्या पोस्टानंच धाडणार होते, पण मीच मध्ये पडले. म्हटलं, पोस्टाला वेळ लागेल तात्या, अंबाजोगाईला एक कुरिअर आहे, त्यांच्याकडं आमच्याच कंपनीचा फॉर्म आहे, चार-पाच दिवसांत पोचतं. आमच्याच कंपनीचा, हे मी दोनदा म्हणाले. तात्यांनी जरा विचार केला. "तुजा फॉर्म हाय म्हंतीस तर दे धाडून," म्हणाले, आणि खोक्यावर त्यांनी तो सुंदर, वळणदार पत्ता लिहिला.

तात्यांचा गुडघा धरलेला, म्हणून खोकं घेऊन संतोष गेला. दुपारी त्याचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते. योगायोग बघा, त्या मीटिंगमध्ये मी ह.मु.वरच बोलत होते.

"काउंटरवरची बाई म्हणतीय शारजाचा पिन सांगा," संतोष म्हणाला. "म्हटलं नसतो. ती म्हणती लाल चांदणी हाय, टाकल्याबिगर म्होरं जात न्हाई. काय करू?"

मला एका क्षणात कळलं की कोणती चांदणी. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "काहीतरी सहा आकडे टाक रे. आपल्या गावाचाच टाक. चालतं तसं." फॉर्म तपासताना आम्ही असंच करतो, रकाना अडला की हाताला येतील ते आकडे टाकून पुढं जायचं. मी फोन ठेवला आणि साहेबांना म्हणाले, माफ करा, कुठं होतो आपण?

अकराव्या दिवशी सकाळी बाबूच्या हॉटेलापुढं कुरिअरची गाडी थांबली. गाडीवाला पोरगेलासा नव्हता, चांगला पन्नाशीचा होता, आणि त्याला एक पत्ता सापडत नव्हता. गावात पत्ता न सापडणाऱ्याला कुणाकडं धाडतात? तात्यांकडं. बाबू स्वतः त्याला घेऊन आला, मागं चार रिकामी माणसं. मी ओट्यावरच होते, संतोष दारात दात घासत होता.

"मास्तर, हे इस्माईल शेख कुठं ऱ्हातेत?" गाडीवाल्यानं खोकं पुढं केलं.

"ऱ्हातो हितंच," तात्या म्हणाले, "पर हल्ली..." आणि त्यांची नजर खोक्यावर गेली.

तेच खोकं. तात्यांच्या अक्षरांवर कुरिअरचं पांढरं लेबल चिकटवलेलं, 'ह.मु.' तेवढं कडेनं बाहेर आलेलं. लेबलावर देश होता, शारजा होतं, इमारत होती आणि पिन होता आमच्या गावचा. मुंबईच्या मशीननं पिन बघितला आणि खोकं परत फिरवलं. मशीनला तेवढंच कळतं. ते मशीनला शिकवणारे आम्हीच.

बाबू हसायला लागला. "तात्या, तुमचं पार्सल तुमालाच आलं की. अडतीस वर्षांत वाकडा कागद न्हाई म्हंत व्हता, आता अख्खं खोकं आलं." मागची माणसंही हसली. मग कुणीतरी विचारलं, पण चूक कुणाची?

तात्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग हळूच मान वर करून आधी संतोषकडं बघितलं. संतोषच्या तोंडात ब्रश, आणि तो माझ्याकडं बघत होता. मी लॅपटॉपकडं बघत होते. लॅपटॉप बंद होता.

"माजीच," तात्या म्हणाले. "पिन मीच सांगितला व्हता संतोषला. जन्मभर त्योच लिहिला, त्योच तोंडात आला. वय झालं आता."

संतोषनं ब्रश काढून तोंड उघडलं. "गप रे," तात्या त्याला म्हणाले, "तुला काय ठाऊक."

मला तेव्हा बोलता आलं असतं. पाच-सहा माणसं होती आणि एक वाक्य पुरलं असतं. पण गावात माझं नाव होतं. कॉम्प्युटरवाली सून, परदेशाशी बोलते, जगाचे पत्ते हिच्या हातात. मी उठून चहाची भांडी गोळा केली आणि आत घेऊन गेले, जसं काही ती धुणं तेव्हाच निकडीचं होतं.

नंतर दोन-तीन आठवडे गावानं तात्यांना पिडलं. 'रिटर्न तात्या' असं नावच पडलं. लग्नपत्रिका द्यायला आलेला माणूस हसून म्हणायचा, तात्या, आता तुमी काय आमच्या चुका काढता? तात्याही हसायचे आणि पत्रिका न वाचता कोनाड्यात ठेवायचे. लाल शाईचा पेन त्यांनी खिशाला लावायचं सोडून दिलं.

चांदणी मी खोकं परत आलं त्याच संध्याकाळी काढली. एक ओळ होती. पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांसाठी मी दोन महिने 'नंतर' म्हणत होते. पुढच्या मीटिंगमध्ये मी हेही सांगितलं की खुणेची आणि महिन्याची कल्पना माझी नाही, आमच्या शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांची आहे. साहेब म्हणाले, छान, आणि पुढच्या विषयावर गेले. म्हणजे तिथं खरं बोलणं अगदी सोपं होतं. इथं बोळ ओलांडून तात्यांना सांगायला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा कांदे मागून परत आले.

खोकं त्यांनी या खेपेला पोस्टानं धाडलं. संतोषच्या गाडीवर मागं बसून, गुडघा धरून, स्वतः अंबाजोगाईला गेलते. पत्राला एक नववं पान जोडलं होतं: 'पहिल्यांदा पत्ता माझ्या हातून चुकला, त्यामुळे उशीर.'

मग वाट बघणं. रोज चार वाजता ते खिडकीपाशी उभे राहायचे, आणि आता बोळाच्या अलीकडून मीही.

महिन्याभरानं एका दुपारी हाक आली. "लिंबागणेश, ये. शारजाचं आलंय. वाचून दाखीव. माजा चष्मा आत ऱ्हायला."

चष्मा गळ्यात होता. आणि मी पाकीट हातात घेतलं तर ते आधीच फोडलेलं होतं, कडेनं, नीट, तात्या फोडतात तसं. मी वाचायला घेतलं. अक्षर रफिकचं, बोलणं इस्माईलभाईंचं.

'गोविंदा, तुझं गाव पोचलं. येसरची पुडी हातात घेतल्याबरोबर कळलं कुणाकडून आली, रफिकला सांगावं लागलं नाही. स्टँडसमोरून निघालो, टाकीखालून गेलो, बाभळीपाशी थांबलो. मारुतीच्या पारापर्यंत माझ्या डोळ्यांनी आलो. पाराच्या पुढं दिसेना. पुढची गल्ली रफिकनं तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढून सांगितली. माझ्या घराची कडी तू हलवतोस ते हातावरच वाचलं.'

मला पुढचं दिसेना. अकरा दिवस त्या खोक्यानं मुंबईला जाऊन परत यायला घेतले. नंतरचे दिवस पोस्टाचे. तेवढ्या दिवसांत त्या माणसाची एक गल्ली गेली.

"वाच की," तात्या म्हणाले.

'आणि शेवटचं पान झूट लिहिलंस बे तू. तुझ्या हातानं पत्ता चुकत नाही, हे मला सांगतोस? थैली ओढ्यात मी पाडली होती. भर पावसात, दारू पिऊन. तू साहेबाला म्हणालास ध्यान माझं नव्हतं, आणि मेमो घेतलास. माझी नोकरी ऱ्हायली. आता या वयात पुन्हा कुणाला पोटाशी घेतलंस, ते तेवढं कळव.'

भिंतीवरच्या चौकटीकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. तात्या शेंगा सोलत होते. टरफलं एका बाजूला, दाणे एका बाजूला.

"तात्या," मी म्हणाले, "तो पिन..."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "कुठलं टपाल कुठनं आलं ते मला कळतंय. शेवटून दुसऱ्या घरातनं."

"मग त्या दिवशी बोलला कावून नाही?"

"तू सून हायस. तुला अजून लई वर्षं काढायचीत या गावात. माजं काय, माजं झालंय." त्यांनी दाण्यांची वाटी माझ्याकडं सरकवली. "वाईट एवढंच वाटलं बग, चांदणी काढली म्हणालतीस. न्हाई म्हणाली असतीस तर मी पोस्टानं धाडलं असतं."

मी रडले. म्हातारा उठून आत गेला आणि एक कोरा कागद, एक पाकीट आणि तो लाल शाईचा नव्हे, निळ्या शाईचा पेन घेऊन आला. पाकिटावरचा पत्ता तात्या दुसऱ्या कुणालाही लिहू देत नाहीत. संतोषला नाही, रफिकला तर पाकिटाच्या उलट्या बाजूला पत्ता लिहिला म्हणून त्यांनी एकदा झापलं होतं.

"तो इचारतोय न्हवं, कुणाला पोटाशी घेतलं," तात्या म्हणाले. "उत्तर तू लिव्ह. मोठ्या अक्षरात लिव्ह, रफिकला हातावर काढायला सोपं पडंल."

मी तीन ओळी लिहिल्या. पिन मी टाकायला सांगितला. खोटं मी बोलले. तुमची गल्ली माझ्यामुळं गेली, मला माफ करा. चौथी ओळ लिहिता येईना. मग पाकीट घेतलं आणि लिहिलं: श्री. इस्माईल शेख, रा. इथलेच, ह.मु. शारजा. टपालपेटी, इमारत, खूण. पिन नाही.

"पाठवणाराचं?" तात्या म्हणाले.

मी डाव्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहायला लागले तसं त्यांनी बोट आडवं धरलं. "पत्र कुणाचं हाय?"

मग मी माझं लिहिलं. नाव, सासरचं आडनाव, शेवटून दुसरं घर, गाव.

तात्यांनी चष्मा लावला. टपाल फोडताना वाचायचे तसं, पाकीट हातभर लांब धरून, एकेक शब्द मोठ्यानं वाचला. इस्माईल शेख. इथलेच. हल्ली मुक्काम. कोपऱ्यापर्यंत आले. "वैशाली," त्यांनी वाचलं, पहिल्यांदाच गावात आलेल्या माणसाचं नाव वाचावं तसं.

"पुरा हाय," म्हणाले, आणि चार वाजत आले होते म्हणून पाकीट घेऊन खिडकीकडं गेले.